ओंबीला बांधलेली नाडाछडी

फेब्रुवारी संपत आला की आमच्या इमारतीतले आवाज कमी होतात. टीव्ही हळू लागतात, जिन्यात मुलं ओरडत नाहीत. यंदा वरच्या मजल्यावरच्या केतकीची बारावी आहे. गेल्या वर्षी दुसऱ्या कुणाची होती, पुढच्या वर्षी तिसऱ्या कुणाची असेल. याच सुमाराला कोपऱ्यावरचा भाजीवाला टोपलीच्या कडेला हिरव्या ओंब्यांच्या दोन-चार जुड्या ठेवतो. मी दरवर्षी एक घेते. तिचं करायचं काही नसतं. एक दाणा सोलून नखानं दाबते, दूध कितपत घट्ट आलंय ते बघते आणि मनाशी म्हणते, सतरा-अठरा दिवस. मग बाकीची जुडी पाण्याच्या ग्लासात उभी करून ठेवते.

केतकी परवा जीवशास्त्राची वही घेऊन खाली आली. मी कधीकाळी वनस्पतीशास्त्रात काहीतरी केलं होतं एवढं तिला ऐकून माहीत. प्रश्न होता, एम-आरएनए पेशीत कुठे आढळतो? तिनं उत्तर लिहिलं होतं, पेशीद्रवात. उत्तर बरोबर होतं.

"पण पेशीद्रवात म्हणजे कुठे?" मी विचारलं.

"म्हणजे आत. तरंगत असतो ना."

"तरंगतो म्हणून कुणी सांगितलं तुला?"

माझा आवाज चढला असावा. तिनं वही जवळ ओढून घेतली. "आजी, एका मार्काचा प्रश्न आहे."

एका मार्काचाच आहे. ऐंशीच्या दशकात, जयपूरला, या एका मार्कापायी माझा अख्खा हिवाळा गेला होता.

सुधीर, माझा नवरा, तेव्हा मेजर होता. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात, तसं आमचं होतं, फक्त आमचं काळ्या ट्रंकांमध्ये होतं आणि प्रत्येक ट्रंकेवर पांढऱ्या रंगानं नाव लिहिलेलं असे. जयपूरला पोचल्यावर दुसऱ्याच महिन्यात मी पीएच.डी.साठी नाव घातलं. मार्गदर्शक माथुर सरांनी एकच प्रश्न विचारला, "तीन साल रुकोगी?" मी हो म्हणून मोकळी झाले. ते ठरवणं माझ्या हातात नव्हतं, सुधीरच्याही नव्हतं, आणि हे सरांनाही ठाऊक होतं. तरी त्यांनी मला घेतलं. त्यांचा स्वभाव तसाच होता, वरून करडा आणि आतून भिडस्त.

विषय गव्हाचा होता. दाणा भरताना त्यातल्या पेशी एक प्रथिन साठवून ठेवतात, बारीक बारीक कणांच्या रूपात. कणीक मळल्यावर जो चिवटपणा येतो, ज्याच्यामुळे पोळी लाटता येते, तो या साठ्याचा. हे प्रथिन कसं बनवायचं याची मूळ पोथी पेशीच्या केंद्रकात असते. पोथी काही बाहेर येत नाही. तिच्यातल्या हव्या त्या ओळींची नक्कल बाहेर येते, ती नक्कल म्हणजे एम-आरएनए. मी तिला घरी चिठ्ठीच म्हणत असे. एका पेशीत अशा हजारो चिठ्ठ्या, तऱ्हेतऱ्हेच्या कामांच्या. माझा प्रश्न एवढाच होता की या प्रथिनाची चिठ्ठी पेशीभर वाऱ्यावर सोडलेली असते, की जिथं कण तयार होतात तिथंच नेऊन चिकटवलेली असते.

सरांना वाटे, चिकटवलेली. मलाही वाटे, पण माझं कारण शास्त्रीय नव्हतं. साताऱ्याला माझी आई घरभर चिठ्ठ्या ठेवायची. "डाळ भिजत घालणे" ही चिठ्ठी डाळीच्या डब्यात, "उसवलंय" ही वडिलांच्या शर्टाला टाचणीनं लावलेली. एकदा मी त्या सगळ्या गोळा करून टेबलावर नीट लावून ठेवल्या, तर आठवडाभर घरात एक काम वेळेवर झालं नाही. वाटणं आणि दाखवणं यांत मात्र फार अंतर असतं. दाखवायचं तर कोवळे दाणे थंडगार ठेवून वाटायचे, यंत्रात गरगर फिरवायचे, म्हणजे हलका भाग वर राहतो आणि प्रथिनाचे कण आपल्या पापुद्र्यासकट तळाशी बसतात. मग चिठ्ठी वरच्या पाण्यात सापडते की तळच्या गाळात, ते पाहायचं.

ऐकायला सोपं आहे. करताना नाकी नऊ येत. चिठ्ठी इतकी नाजूक की बोटाच्या घामानं तिचे तुकडे होतात. काचेची भांडी भट्टीत तासन्‌तास भाजून घ्यायची, हातमोज्यांशिवाय कशाला शिवायचं नाही, आणि नळीवर तोंड करून बोलायचं नाही. सर दारातून ओरडत, "बात मत करो, थूक गिरता है!" सुधीर म्हणे, "तुला गप्प बसवणारा विषय निघाला जगात, धन्य ते सर." मी त्यालाही उत्तर दिलं नसेल असं नाही.

गहू कानोत्याला होता, जयपूरबाहेरच्या एका गावात. दुर्गापुऱ्याच्या शेतकी केंद्रातून बी मिळालं होतं आणि कानोत्याच्या एका ओळखीच्या शेतकऱ्यानं विहिरीजवळचा एक पट्टा दिला होता. शेतकरी क्वचित दिसे. शेत खरं त्याच्या बायकोचं होतं, गुलाबबाईंचं. माझ्याहून पाच-सात वर्षांनी मोठ्या, उंच, लाल-पिवळी ओढणी, आवाज विहिरीच्या पलीकडून ऐकू येईल असा. मला बाईसा म्हणत. मी आग्रा रस्त्याच्या बसनं जाई आणि मांडीवर एक मोठा धातूचा डबा असे. त्यात द्रव नायट्रोजन, जनावरांच्या पैदास केंद्रातून मागून आणलेला. ओंबी खुडली की लगेच त्यात. झाकणातून पांढरी वाफ निघे. कंडक्टर दर खेपेला विचारी, "मैडमजी, कुल्फी है क्या?" एकदा मी वैतागून हो म्हटलं, तर त्यानं दोन मागितल्या.

गुलाबबाईंनीही पहिल्याच दिवशी विचारलं होतं, एवढ्या ओंब्यांचं करता काय? मी हिंदीत, हातवारे करून, दाणा, पेशी, पोथी आणि चिठ्ठी असं सगळं सांगितलं. त्यांनी गवत कापता कापता ऐकून घेतलं. म्हणाल्या, "चिट्ठी लाध ज्यावै तो म्हनै भी बताज्यो." सापडली तर मलाही सांगा. अक्षरओळख नव्हती त्यांना, पण हरवलेली वस्तू सापडली की नाही याची उत्सुकता माणसाला असतेच.

या कामात दाण्याचं वय चोख लागतं. ओंबीला फुलोरा आला, बारीक पिवळे केसर बाहेर लोंबले, की तो पहिला दिवस. त्या दिवशी दांड्याला दोरा बांधायचा. पांढरा दोरा पहिल्या आठवड्यात फुललेल्या ओंब्यांना, पिवळा दुसऱ्या, हिरवा तिसऱ्या. दहा दिवसांचे दाणे नेऊन झाले, पंधराचे झाले, त्यात त्या ओंब्या संपल्या. वीस दिवसांचे राहिले होते, आणि खरी गंमत त्यांच्यातच होती, कारण कण जोरात भरतात ते तेव्हा. त्यांच्यासाठी लाल दोरा ठरवला होता. शिवरात्रीला दोन दिवस असताना फुलोरा दिसला आणि लाल रीळ संपलेलं. बाजारात कोण जाणार? देव्हाऱ्याच्या खणात सत्यनारायणाची उरलेली नाडाछडी होती. लालच होती की. मी ती कातरून चाळीस तुकडे केले आणि चाळीस निवडक ओंब्यांना बांधून आले. दोरा तो दोरा, असा माझा शास्त्रीय दृष्टिकोन.

त्याच आठवड्यात सुधीरच्या बदलीचा हुकूम आला. आसाम. एप्रिलच्या मध्याला हजर व्हायचं. तो कागद टेबलावर ठेवून तो बूट काढत बसला. मी म्हटलं, "अरे, वीस दिवसांचे दाणे मिळाले की माझं होतं. बाकी लिखाण कुठेही करता येईल." तो म्हणाला, "आणि नाही मिळाले तर?" नाही मिळाले तर पुढचा गहू नोव्हेंबरात पेरायचा होता आणि तेव्हा मी हजार कोसांवर असणार होते. त्या चाळीस ओंब्यांवर माझी तीन वर्षं टांगलेली होती. मी त्याला म्हटलं, "मिळतील."

आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास. प्रयोगशाळेत कुणाचं मन लागेना. पण त्या महिन्यातलं कानोतं मला अजून दिसतं. सकाळचं ऊन अजून बोचत नाही, जवळच्या धरणाकडून गार वारा येतो, गहू पोटऱ्यांपर्यंत हिरवा आणि वर किंचित पिवळट, ओंब्यांची कुसळं हाताला खरखरीत. विहिरीच्या इंजिनाचा फट-फट आवाज, पाटात सुटलेलं पाणी, ओल्या मातीचा आणि म्हशीच्या शेणाचा मिळून एक वास. मी दाणा नखानं दाबायला तिथंच शिकले, गुलाबबाईंकडून. आधी पाणी, मग पातळ दूध, मग घट्ट दूध, मग लोण्यासारखं. त्यांची नखं माझ्या तक्त्यांपेक्षा फार चुकत नसत.

वीस दिवस पुरे होत होते होळीनंतर दोन दिवसांनी. होळी झाली, छावणीतली धुळवड झाली, कानामागचा हिरवा रंग तसाच घेऊन मी डबा भरून बसमध्ये बसले. पट्ट्यात शिरले आणि काहीच कळेना. नाडाछडी कुठेच नव्हती. चाळीस जागी दांडे विळ्यानं नीट तिरपे कापलेले.

एवढ्यात गुलाबबाई घरातून आल्या. हातात पितळी ताट, वर रुमाल, चेहरा अगदी प्रसन्न. ताटात भाजलेल्या ओंब्या होत्या, कुसळं जळालेली, दाणे काळपट हिरवे. दोन-तीन दांड्यांना करपलेली नाडाछडी अजून होती. "थांको हिस्सो राख्यो छै, बाईसा," त्या म्हणाल्या. तुमचा वाटा ठेवलाय.

जयपूरकडे होळीच्या जाळावर नव्या गव्हाच्या ओंब्या भाजतात आणि घरोघर वाटतात. हे मला माहीत होतं. तीन होळ्या मी तिथं पाहिल्या होत्या. माहीत असणं आणि वेळेवर आठवणं यांत काय फरक असतो तो मला त्या ताटापुढे उभं राहून कळला.

"ये आपने क्यों काटीं?" मी कसंबसं विचारलं.

"थे ही तो मोळी बाँधी छी!" त्यांना माझाच अचंबा वाटला. नाडाछडीला तिकडे मोळी म्हणतात. "म्हे समझ्या, होळी माता कै ताँई छाँट'र राखी छै." तुम्हीच देवाचा धागा बांधलात, आम्हाला वाटलं होळीमातेसाठी निवडून ठेवल्यात. मग आवाज खाली आणून, जरा संकोचून म्हणाल्या, "थोड़ी काची छी. पण थे छाँटी छी, तो म्हे काँई बोलता."

थोड्या कोवळ्या होत्या, पण तुम्हीच निवडलेल्या, मग आम्ही काय बोलणार. कोवळ्याच होत्या हो. अठरा दिवसांच्या होत्या.

मी बांधावर बसले आणि रडले. सांगायला लाज वाटत नाही. गुलाबबाई घाबरल्या. पहिल्यांदा त्यांना वाटलं, देवाच्या कामात त्यांचंच काही चुकलं. मग मी सांगितलं की देवाचा संबंध नाही, ती माझी खूण होती, त्याच ओंब्यांत मी चिठ्ठी शोधणार होते, आणि महिन्याभरात मी इथून कायमची जाणार आहे. मी ताटातले दाणे चोळून तोंडात टाकत होते, काहीतरी करायचं म्हणून. छान लागत होते. आपला प्रबंध भाजून खाल्लेली दुसरी कुणी बाई माझ्या पाहण्यात नाही.

"कितरा दिन की चाहिजै?" त्यांनी अचानक विचारलं.

"बीस."

मला उठवून त्या गुरांच्या हौदाकडे घेऊन गेल्या. पट्टा पेरून उरलेलं बी त्यांनी तिथल्या एका कोपऱ्यात, मागाहून सवडीनं टाकलं होतं. दोन खाटांएवढी जागा. तिथला गहू मागे होता. शिवरात्रीला महादेवाला वाहायला त्यांनी ओंब्या खुडल्या त्या याच कोपऱ्यातल्या, कारण माझ्या पट्ट्याला हात लावायचा नाही असं ठरलेलं. आणि त्या दिवशी ओंब्यांवर केसर नुकता आला होता, पिंडीवर पिवळी भुकटी पडली होती, हे त्यांना पक्कं आठवत होतं. त्यांनी बोटांवर मोजलं. "आज अठारा. परसूं बीस." मी दाणा दाबला. दूध पातळाहून घट्ट होतं.

बैल गेला नि झोपा केला, तशी मी त्या कोपऱ्यातल्या ओंब्यांना कागदाची लेबलं बांधली, त्यावर हिंदीत लिहिलं, काटना नहीं. गुलाबबाई हसल्या. "बाँचैगो कुण?" वाचणार कोण? मग दोन दिवस त्यांनी स्वतःच राखण केली.

तिसऱ्या दिवशी दाणे आले. वाटले, फिरवले, वरचं पाणी वेगळं, तळचा गाळ वेगळा. दोन्हींतून चिठ्ठ्या काढून एका पांढऱ्या पडद्यावर शेजारी शेजारी दोन थेंब टाकले. त्यावर आमच्या चिठ्ठीलाच जाऊन चिकटेल अशी एक किरणोत्सारी खूण सोडली आणि वर एक्स-रेची फिल्म दाबून आठवडाभर गारठ्यात ठेवली. फिल्म मी जयपूरच्या सी-स्कीम भागातल्या एका औषधाच्या दुकानातून आणली होती. दुकानदारानं सहानुभूतीनं विचारलं होतं, घरात कुणाला लागलंय का. जिथं चिठ्ठी असेल तिथं काळा डाग उमटणार होता.

सर फिल्म धुऊन बाहेर आले आणि खिडकीशी धरली. डावीकडचा ठिपका, वरच्या पाण्याचा, फिकट, नसल्यासारखा. उजवीकडचा, गाळाचा, काळा कुळकुळीत. चिठ्ठी कणांपाशीच होती. तीन वर्षं मला गप्प बसवणारे सर जोरात ओरडले, "चिपकी हुई है!"

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला खुर्चीवर बसवलं. "लिख दो, फूल के दिन धागा बाँधा गया, बीस दिन बाद काटा. बस. धागा था या नहीं, कौन देखने आएगा?" ते लबाड नव्हते. त्यांना दिसत होतं की मला दुसरा हिवाळा मिळायचा नाही. मी दोन दिवस ते वाक्य लिहून पाहिलं. खोडलं. प्रत्येक वेळी पिंडीवरची पिवळी भुकटी डोळ्यांपुढे यायची. कुणीतरी खरं पाहिलं होतं आणि मी तिच्या जागी एक खोटा दोरा बांधत होते. शेवटी लिहिलं ते असं, की फुलोऱ्याचा दिवस महाशिवरात्रीचा, शेताच्या मालकीण गुलाबबाई यांनी पाहिल्याप्रमाणे. सरांनी ते वाचून चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि सही केली. "फँसोगी," म्हणाले.

फसले. आसामात, चहाच्या मळ्यांजवळच्या क्वार्टरमध्ये, परीक्षकांचं पत्र आलं. दाण्याचं वय ऐकीव माहितीवर धरता येणार नाही. प्रयोग रीतसर खुणा करून पुन्हा करावा किंवा प्रकरण वगळावं. तिथं गहू नव्हता, यंत्र नव्हतं, काहीच नव्हतं. मी प्रकरण वगळलं. उरलेल्या तीन प्रकरणांवर पदवी मिळाली. परीक्षक चुकले असं मी म्हणत नाही, त्यांच्या जागी मीही तेच लिहिलं असतं. पण वाईट वाटलं ते वाटलंच, अजून वाटतं. तीन वर्षांत मी स्वतः शोधलेली गोष्ट ती एकच होती. पुढे जगात इतरांनी, पुष्कळ चांगल्या साधनांनी, धान्याच्या दाण्यांत चिठ्ठ्यांच्या जागा दाखवल्या. ते वाचताना मला आनंदही झाला आणि पोटात दुखलंही.

केतकीला मी ती फिल्म काढून दाखवली. काळ्या ट्रंकेच्या तळाशी, लग्नाच्या शालूखाली असते. तिनं ती ट्यूबलाइटसमोर धरली, जशी सरांनी खिडकीशी धरली होती.

"हे कुठे छापून आलंय?"

"कुठेच नाही."

"मग तुझं उत्तर बरोबर आलं हे कुणालाच कळलं नाही?"

"कळलं ना," मी म्हटलं. "एकीला कळलं."

सामान बांधून झाल्यावर, निघायच्या आदल्या दिवशी, मी कानोत्याला गेले होते. डबा नव्हता, त्यामुळे कंडक्टर हळहळला. गहू कापून झाला होता, पेंढ्या उभ्या होत्या, हवा तापली होती. गुलाबबाई हौदाशी म्हशीला पाणी दाखवत होत्या. शेजारी तिचं आठ दिवसांचं पारडू. मी सांगितलं, "चिट्ठी मिल गई. जहाँ दाने में काम होता है, वहीं चिपकी थी. इधर-उधर नहीं." असं हे पहिल्यांदाच मी कुणाला सांगत होते.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, जरा निराशच झाल्यासारखं. एवढंच? मग म्हशीच्या खुंट्याला बांधलेल्या एका चिंधीकडे बोट दाखवून म्हणाल्या, "भैंस की बात याद राखणी होवै तो चींथड़ो खूँटा कै बाँधूं, चूल्हा कै थोड़ी बाँधूं!" म्हैस व्यायची वेळ झाली ही आठवण खुंट्याला बांधायची, चुलीला नव्हे. यात शोधायचं काय होतं?

काखेत कळसा नि गावाला वळसा. मी हसले, आणि हसता हसता मला ओंबीचंही कळलं. ज्या वस्तूचं काम तिलाच खूण, हा त्यांचा रोजचा नियम. त्यांनी ओंबीवरचा निरोप बरोबर जागी पाहिला, बरोबर वाचला आणि मनोभावे पाळला. निरोप चुकीचा लिहिला होता मी.

जायला निघाले तेव्हा त्यांनी खुंट्याची चिंधी सोडली. म्हैस व्याली होती, तिचं काम झालं होतं. ती चिंधी घेऊन त्या हौदाच्या कोपऱ्यात गेल्या, जिथं तो मागास गहू होता आणि आता नुसती धसकटं राहिली होती. तिथल्या बोरीच्या फांदीला त्यांनी ती बांधली आणि गाठ दोनदा ओढून पाहिली.

"आ थांकै ताँई," त्या म्हणाल्या. ही तुमच्यासाठी.